लांबी भरली, रंग दिला, तरी जोडावर भेग: घरगुती सोयूझची दुरुस्ती

जोड घासून गुळगुळीत केला, लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारला, दोन हात रंग दिला. चार दिवस मॉडेल दृष्ट लागण्यासारखं दिसलं. मग एका दुपारी सहज हातात घेतलं, तर बरोबर जोडावर केसासारखी रेघ. पुन्हा खरवडलं, पुन्हा भरलं, पुन्हा रंगवलं. पंधरा दिवसांनी रेघ तिथेच हजर.

घरातल्या वस्तूंपासून अंतराळयान बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना मदत करणारे आईबाबाही हेच विचारतात: "लांबी कुठली चांगली?" मीही दोन वर्षं हाच प्रश्न विचारत होतो. माझ्या सोयूझचा, म्हणजे त्या सोव्हिएत अंतराळयानाच्या मॉडेलचा, खालचा जोड मी तीन वेळा भरला. एम-सीलने भरला, गॅरेजमधल्या लांबीने भरला, शेवटी लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून भरला. तिन्ही वेळा भेग आली, आणि ती आली मे महिन्यात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर. तेव्हा कुठे लक्षात आलं की लांबीचा काही दोष नव्हता. खालचे दोन तुकडे हलत होते आणि वर भरलेली लांबी बिचारी मध्ये ताणली जात होती.

ही सगळी दुरुस्ती मी सोयूझच्या मॉडेलवर सांगतो, कारण त्यात हा त्रास तिन्ही जोडांवर तीन वेगळ्या कारणांनी होतो. तुमचं यान कल्पनेतलं असलं तरी पाइप, बाटली आणि डबा हे त्रिकूट त्यात बहुतेक असणारच.

आधी माझं यान कशाचं आहे ते सांगतो. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला ज्या सोयूझ टी-११ मधून गेले, त्या जातीचं हे यान. प्रमाण १:२४. खऱ्या यानाची लांबी सुमारे ७ मीटर, म्हणजे मॉडेल २९ सेंटीमीटरच्या आसपास. सौरपंख्यांच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेल्या सौरपट्ट्यांच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०.६ मीटर, म्हणजे ४४ सेंटीमीटर. मधल्या भागाचा व्यास साधारण २.२ मीटर, त्याला २४ ने भागलं की ९२ मिलिमीटर. आणि प्लंबिंगच्या दुकानात ९० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो! हे गणित पहिल्यांदा जमलं तेव्हा मी वही घेऊन तसाच दुकानात गेलो होतो. दोन मिलिमीटरची जी तूट राहते, ती बाहेरून चढवलेल्या टिश्यू पेपरच्या थरांनी भरून निघते. खऱ्या यानावरही उष्णतारोधक कापडी आवरण असतं, त्यामुळे किंचित सुरकुतलेला पृष्ठभाग उलट जास्त खरा वाटतो.

तर मागचा उपकरणांचा विभाग म्हणजे ९० चा पाइप. त्याच्या शेवटाला यान पसरट होतं, तिथे खऱ्याचा व्यास २.७२ मीटर, म्हणजे आपल्याला ११३ मिलिमीटर हवेत. अर्ध्या किलोच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याचं तोंड माझ्याकडे ११४ भरलं. तळाकडे निमुळता होत जाणारा डबा, तोंड मागच्या बाजूला ठेवून लावला की तो पसरटपणा आयता मिळतो. मधली घंटेच्या आकाराची अवतरण-कुपी सव्वा लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीच्या खांद्यातून कापली. पुढचा गोल कक्षीय विभाग खेळण्याच्या दुकानातल्या कडक प्लास्टिकच्या चेंडूचा.

आता मोजा: पाइप पीव्हीसी, डबा पॉलिप्रॉपिलिन, बाटली पेट, चेंडू आणखी वेगळाच. चार प्रकारची प्लास्टिकं एका गोंदाने चिकटवून वर एकच लांबी फिरवली, आणि ती टिकावी अशी अपेक्षा केली. माझी मूळ चूक ही होती.

आधी भेगेत डोकावून बघा

नवीन लांबी आणायच्या आधी जुना जोड पूर्ण उघडा. मन होत नाही, माहीत आहे; रंगवलेलं यान उघडणं जिवावर येतं. पण आत काय झालंय हे पाहिल्याशिवाय चौथ्यांदा भरलं तर चौथ्यांदा फुटणार.

उघडल्यावर गोंद कुठे राहिलाय ते नीट बघा, उजेडात तिरपं धरून. सगळा गोंद एकाच तुकड्यावर आणि दुसरा तुकडा स्वच्छ, चकचकीत असेल, तर त्या चकचकीत तुकड्याला गोंद कधी लागलाच नव्हता. माझ्या श्रीखंडाच्या डब्याचं हेच झालं होतं. पाइपच्या कडेला गोंदाची पूर्ण गोल चकती, आणि त्या चकतीवर डब्याच्या तळावरची बारीक अक्षरंसुद्धा उलटी उमटलेली. साच्यातून काढावी तशी ती सुटून आली होती.

गोंद दोन्हीकडे थोडा थोडा असेल आणि मधूनच तुटलेला असेल, तर चिकटण्यात चूक नाही. जोडाचं क्षेत्रफळ कमी पडलं किंवा ठिसूळ गोंदावर झटका बसला. पंख्यांच्या मुळाशी बहुधा हे होतं.

आणि गोंद शाबूत, दोन्ही तुकडे घट्ट, भेग फक्त वरच्या लांबीत असेल, तर एकतर लांबी आकसली किंवा तुकडे एकमेकांच्या तुलनेत फुगतात-आकसतात. या दोन्हींतला फरक ओळखायला एक छोटा प्रयोग आहे. जुन्या इमारतीच्या भिंतीला भेग पडली की ती वाढतेय का हे बघायला अभियंते तिच्यावर आडवी काचपट्टी बसवतात. भेग हलली की काच तडकते. तसंच आपण करायचं. लांबी पूर्ण खरवडून काढा आणि जोडावर बोटभर रुंदीची टिश्यू पेपरची पट्टी पातळ फेविकॉलने आडवी चिकटवा. वाळली की मॉडेल दुपारी तासभर गॅलरीत उन्हात ठेवा, रात्री पंख्याखाली. असं दोन दिवस. पट्टी फाटली किंवा जोडाच्या रेषेवर तिला सुरकुती पडली, तर तुकडे हलताहेत. तशीच राहिली, तर दोष लांबीच्या आकसण्याचा.

माझी पट्टी पहिल्याच दुपारी फाटली.

हलतं म्हणजे किती हलतं?

फार नाही, आणि म्हणूनच कळत नाही. पीव्हीसी एका अंशाने तापलं की मीटरमागे साधारण ०.०६ मिलिमीटर वाढतं. पॉलिप्रॉपिलिन त्याच्या जवळपास दुप्पट वाढतं. आपला जोड ९० मिलिमीटर व्यासाचा. रात्रीचे २० अंश आणि उन्हातले ४५, म्हणजे २५ अंशांचा फरक धरला तर पाइपचा व्यास वाढतो ०.१३ ते ०.१४ मिलिमीटर आणि डब्याचा ०.२७ च्या आसपास. दोघांमधला फरक साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. डोळ्याला शून्य. पण लांबी आणि रंग सुकल्यावर रबरासारखे ताणले जात नाहीत. जोडावर लांबीचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असतो, आणि त्याला रोज दुपारी कागदाएवढं सरकायला लावलं की तो तडकणारच. त्यात काळा किंवा गडद हिरवा रंग दिला असेल तर उन्हात प्लास्टिक हवेपेक्षाही जास्त तापतं.

आत लाकडाची किंवा एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) चकती बसवली असेल तर आणखी एक गोष्ट. लाकूड उष्णतेने फारसं वाढत नाही, पण पावसाळ्यात ओलावा पिऊन फुगतं, एमडीएफ तर कडेने चांगलंच फुगतं. पाइपात घट्ट ठोकून बसवलेली चकती जुलैमध्ये पाइपाला आतून रेटते. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात ज्यांची मॉडेलं पावसाळ्यातच तडकतात, त्यांनी आधी आत लाकूड कुठे आहे ते बघावं. चकतीच्या कडेला आणि दोन्ही तोंडांना वार्निशचे दोन हात द्या आणि ती सैल बसेल एवढी लहान कापा.

प्लास्टिक ओळखणं

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ आणि ४ पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरिन. श्रीखंडाच्या डब्यावर ५ असतो, बाटलीवर १. खेळण्यांवर बहुधा काहीच नसतं.

तेव्हा नखाएवढा तुकडा कापा आणि पाण्याच्या पेल्यात टाका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडा बोटाने खाली दाबून त्याला चिकटलेले बुडबुडे काढून टाका. नाहीतर बुडणारा तुकडाही तरंगतो आणि फसगत होते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पीव्हीसी, पेट, पॉलिस्टायरिन, एबीएस खाली बसतात. तुकडाच टाकायचा, अख्खा चेंडू आत हवा असल्याने तरंगणारच.

जे तरंगतं ते गोंदाला दाद देत नाही, हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. या प्लास्टिकवर पाण्याचा थेंबसुद्धा पसरत नाही, गोळा होऊन बसतो. गोंदाचंही तेच होतं. फेविक्विक, अ‍ॅरल्डाइट, एम-सील सगळी उत्तम आहेत, पण डब्याच्या गुळगुळीत तळाला धरायला त्यांना काही सापडत नाही. पॉलिश पेपरने घासलं तर थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. कारखान्यात असं प्लास्टिक ज्योतीवरून झरकन फिरवून मग छापतात; घरी गॅसवर हा प्रयोग करू नका, डबा क्षणात वेडावाकडा होतो. आणि पाइपाच्या बाबतीत तर हे कटाक्षाने टाळा. पीव्हीसी जळायला लागलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, घसा आणि डोळे जाळणारा. पाइप वाकवायचा किंवा फाकवायचा असेल तर उकळतं पाणी पुरतं, तो ८० अंशांच्या आसपासच मऊ होतो.

बाकी गोंदांचं थोडक्यात. पाइपाला पाइप जोडायला प्लंबरचं सोल्यूशन, दुसरं काही नको. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. तेच सोल्यूशन बाटलीला किंवा डब्याला चालत नाही. बाटलीला ४०० नंबरच्या पेपरने पांढरट होईपर्यंत घासून, साबणाने धुऊन, अ‍ॅरल्डाइट. आणि चोवीस तास हात लावायचा नाही. हॉट ग्लू आतल्या बाजूला तात्पुरतं धरायला ठीक, पण बाटलीचं पातळ प्लास्टिक त्याने चुरमडतं, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं मॉडेल प्रदर्शनाला पोहोचेपर्यंत हॉट ग्लूचा जोड मऊ होऊन सरकलेला असतो. फेविक्विक थर्माकोलवर टाकाल तर थर्माकोलच विरघळेल. बंद जागेत जास्त वापरलं तर त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी पुटं चढतात, रंगवलेल्या भागावर विशेष दिसतात. जोड सुकेपर्यंत हवा खेळती ठेवा.

जोड धरायचा कसा

आता मुख्य दुरुस्ती. गोंदावर भार टाकायचा नाही. तुकडे एकमेकांत अडकतील अशी रचना आत करायची आणि गोंद फक्त साथीला.

पाइपाच्या आत बसणारं अस्तर पाइपाचंच करता येतं. त्याच ९० च्या पाइपाचं ४० मिलिमीटर लांबीचं कडं कापा. ते आत बसणार नाही, कारण बाहेरचा व्यास तोच. म्हणून कड्याची एक फाक कापून काढायची. किती? पाइपाची जाडी २ मिलिमीटर असेल तर आतला व्यास ८६, म्हणजे व्यासात ४ मिलिमीटर कमी करायचे. परिघात ते ४ गुणिले ३.१४, साडेबारा मिलिमीटर. आधी बाराच कापा आणि दाबून बसवून बघा, मग कानशीने हळूहळू कमी करा. शेवटी कडं आत ढकललं की ते स्वतःच्या ताणाने भिंतीला घट्ट चिकटून बसतं आणि त्याची दोन टोकं एकमेकांना लागतात. हे जमतं तेव्हा "टक्" असा एक बारीक आवाज येतो. अर्ध्या भागाला सोल्यूशन लावून आत, अर्धा भाग बाहेर डोकावता ठेवायचा. बाटलीतून कापलेली कुपी त्या बाहेर आलेल्या भागावर टोपीसारखी बसते. टोपी आता बाजूला सरकू शकत नाही, त्यामुळे गोंदाला फक्त ती वर उचलली जाऊ नये एवढंच बघायचंय.

श्रीखंडाच्या डब्याला गोंद लावूच नका. पाइपाच्या मागच्या तोंडात, कडेपासून थोडी आत, प्लायची चकती बसवा आणि बाहेरून तीन बारीक स्क्रूंनी पक्की करा. ते स्क्रू पुढे आवरणाखाली झाकले जातात. मग डब्याचा तळ त्या चकतीवर टेकवून आतल्या बाजूने, म्हणजे डब्याच्या उघड्या तोंडातून, चार स्क्रू पिळा. यात एक गोष्ट जपायची: स्क्रू ३ मिलिमीटरचा असेल तर डब्याच्या तळाला भोक ४ मिलिमीटरचं पाडा आणि स्क्रूखाली वॉशर द्या. स्क्रू करकचून पिळू नका. वॉशर टेकला की पाव फेरा, बस. मोठ्या भोकामुळे डबा उन्हात फुगायला मोकळा राहतो आणि वॉशरमुळे सुटत नाही. तोंडावर नंतर झाकण लावून त्यावर इंजिनाचं नळकांडं बसवलं की आतलं काही दिसत नाही. मीही सुरुवातीला भोक स्क्रूएवढंच पाडलं होतं, कारण सैल काम हाताला चुकीचं वाटतं. त्या डब्याला महिनाभरात भोकापासून कडेपर्यंत चीर गेली.

भेगेला जागा द्या

एवढं करूनही डबा आणि पाइप यांच्यात कागदाएवढी हालचाल राहणारच. ती थांबवता येत नाही. मग तिच्यावर लांबी भरायची कशाला?

खऱ्या सोयूझचे फोटो समोर ठेवून बघा. यानाचे तीन विभाग परतीच्या वेळी एकमेकांपासून सुटतात. पुढचा गोल आणि मागचा उपकरणांचा विभाग वातावरणात जळून जातात, आणि फक्त मधली कुपी पॅराशूटने जमिनीवर येते. राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ ला परतले ते टी-१० यानाच्या कुपीतून, आणि ती कुपी दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवलेली आहे. जिला इतर दोन विभागांपासून सुटं व्हायचंच असतं, तिच्या दोन्ही कडांना रेषा असणारच. मी जी रेघ लपवायला दोन वर्षं घालवली, ती मुळात यानाचीच होती.

तेव्हापासून मी त्या दोन जोडांवर लांबी भरत नाही. उलट अर्धा ते एक मिलिमीटरची सरळ, स्वच्छ फट मुद्दाम ठेवतो. फट सारखी यावी म्हणून जोड बसवताना मध्ये जुन्या एटीएम कार्डाच्या चार पट्ट्या ठेवायच्या, कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, आणि गोंद सुकला की काढून घ्यायच्या. फटीच्या आत गडद करडा रंग आधीच बारीक ब्रशने भरून ठेवा. नंतर तुकडे कितीही हलले तरी फट अर्धा कागद मोठी झाली की लहान, हे कोणाला कळणार आहे? इमारतीत दोन भागांच्या मध्ये प्रसरणासाठी फट सोडतात, रेल्वेच्या जुन्या रुळांत सोडायचे, तेच हे.

जिथे खऱ्या यानावर रेषा नाही तिथे पट्टी. डबा आणि पाइप यांचा जोड असाच आहे, कारण तो एकाच विभागाच्या मध्यात येतो. जाड कार्डशीटची किंवा पातळ पीव्हीसीची पाच मिलिमीटर रुंद पट्टी गोल फिरवा, पण ती एकाच बाजूला चिकटवा. अर्धी पट्टी पाइपाला गोंदाने, उरलेली अर्धी डब्यावर नुसती टेकलेली. दोन्ही बाजूंना चिकटवली की पट्टी लांबीसारखीच तडकते किंवा एका कडेने उचलते. रंग देतानाही पट्टी आणि डबा यांच्यामध्ये रंगाची साय तयार होते. रंग पूर्ण वाळायच्या आत ब्लेडच्या टोकाने तिथून एकदा फिरून घ्या. चेंडूच्या दोन अर्धगोलांमध्ये तर खऱ्या यानावरही छोटा दंडगोल असतो, तिथे रुंद पट्टी शोभूनच दिसते.

टिश्यू पेपरचं आवरणही जोड ओलांडून पुढे नेऊ नका. प्रत्येक विभागाचं वेगळं, कडेला दुमडून बसवलेलं. नाहीतर एवढं करून भेग कागदात येईल.

पंख्यांची मुळं

सौरपंखे तुटतात ते वेगळ्या कारणाने. प्रत्येक पंखा १७ सेंटीमीटर बाहेर आलेला, आणि मुळाशी धरायला जागा बोटभर. टोकाला मांजराची शेपटी लागली तरी मुळाशी पहारीने उचकटल्यासारखा जोर येतो. पुठ्ठ्याचे पंखे तर पावसाळ्यात ओलावा धरून आपोआप खाली झुकतात.

मी आता पंखे मुदत संपलेल्या कार्डांचे करतो: एटीएमची, जुन्या ऑफिसची, ग्रंथालयाची. बहुतेक कार्डं पीव्हीसीची असतात, तरी कोपरा कापून पाण्यात बघा. एक कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब. दोन लांबीने जोडली की १७१. बरोबर एक पंखा! रुंदीही जवळपास जमते. चिप आणि क्रमांक असलेला भाग आधी नीट घासून टाका. प्लास्टिकची फाइल मात्र या कामाला घेऊ नका. ती पॉलिप्रॉपिलिनची असते आणि निळा रंग तिच्यावरून साय निघावी तसा निघतो.

मुळाला गोंदाने धरण्याऐवजी सायकलच्या चाकाची तार घ्या. ३० सेंटीमीटरची तार पाइपाला आरपार गेली की दोन्ही बाजूंना साडेदहा सेंटीमीटर उरते, म्हणजे पंख्याच्या निम्म्याहून जास्त लांबीला आधार. तार एकच, सलग, आरपार. दोन बाजूंना दोन तुकडे खोचले तर पाइपाची भिंत पुन्हा एकटी पडते. पंखा तारेवर मागच्या बाजूने, मुळाजवळ एकाच ठिकाणी अ‍ॅरल्डाइटने पक्का करा. पुढे कार्डाच्याच दोन छोट्या पट्ट्यांच्या खोबणीतून तार नुसती सरकती ठेवा. पोलाद प्लास्टिकच्या मानाने फार कमी वाढतं, पूर्ण लांबीला चिकटवलं तर पंखा उन्हात कमान घेतो.

रंगाबद्दल दोनच गोष्टी

भेग जोडावर नसून रंगातच जाळीसारखी पसरली असेल, तर जोड सोडा, रंगाचा क्रम बघा. ऑइल पेंटवर थिनरवाला स्प्रे मारला की खालचा थर फुगून सुरकुततो. उलट क्रम चालतो. डब्यावर रंग धरत नसेल तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात बंपरसाठी प्लास्टिक प्रायमर मिळतो, तो एक पातळ हात आधी द्या.

पावसाळ्यात स्प्रे मारला आणि रंग पांढुरका पडला, तर ती भेगेची सुरुवात नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवसाची वाट बघा. आणि स्प्रे असो की पाइप घासणं, खिडकी उघडी आणि नाकाला मास्क. मुलं शेजारी बसलेली असतील तर त्यांनाही.

मॉडेल आधीच रंगवून झालं असेल तर

बरेच जण इथेच अडकलेले असतात: यान तयार आहे, प्रदर्शन परवावर आलंय आणि कमरेवर भेग. उघडून अस्तर बसवायला वेळ नाही.

भेगेत काही भरू नका. पाइपाभोवती कागदाची सरळ कडेची पट्टी गुंडाळा, तिची दोन टोकं जुळली म्हणजे कड काटकोनात बसली. त्या कडेला टेकवून कटरच्या पात्याच्या मागच्या, बोथट बाजूने भेगेवरून हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरा. पहिल्या दोन फेऱ्यांत जोर देऊ नका, पातं भेगेच्या वळणाने भरकटतं. वेडीवाकडी भेग सरळ खाचेत बदलते. भुगा ब्रशने झाडा, खाचेत पातळ केलेला गडद करडा रंग सोडा आणि वर राहिलेला लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्या. जोड ढिला वाटत असेल तर आतून, मागचं झाकण काढून, तीन ठिकाणी एम-सीलच्या गोळ्या दाबा; पाइपावर ते छान धरतं, डब्यावर धरणार नाही. प्रदर्शनात मॉडेल खिडकीपासून दूर, उन्हाची तिरीप येणार नाही असं मांडा, आणि नेताना पंख्यांना धक्का लागू देऊ नका.

माझ्या यानाच्या कमरेवर आता दोन खाचा आणि एक पट्टी आहे. दोन मे आणि दोन पावसाळे ते गॅलरीच्या दाराशेजारच्या फळीवर उभं आहे. गेल्या आठवड्यात भिंग घेऊन तिन्ही जोड बघितले. पट्टीच्या कडेला रंगाची साय एका ठिकाणी, तांदळाच्या दाण्याएवढी, फाटली होती; रंगवताना तिथे ब्लेड फिरवायचं राहिलं होतं.